राजू हिरानी आपला म्हणायचा का? आणि लेखक म्हणायचा की संकलक?

आर्वीकर
'विदर्भाने सिनेमाला काय दिलं' या धाग्यावर एकाने दोन ओळींत निकाल लावला: सुभाष घई आणि राजकुमार हिरानी नागपुरात जन्मले एवढंच, बाकी त्यांचा आपल्याशी काही संबंध नाही. घईंबद्दल मला फारसं बोलायचं नाही. हिरानीबद्दल तिथेच लिहायला घेतलं, पण प्रतिसाद हाताबाहेर जायला लागला, म्हणून हा वेगळा धागा.

हिरानीला सगळे 'मेसेजवाला डायरेक्टर' म्हणतात. मला तो आधी संकलक (एडिटर) वाटतो, मग लेखक, आणि दिग्दर्शक सगळ्यात शेवटी. मेसेज घटकाभर बाजूला ठेवा आणि त्याच्या सिनेमातल्या वस्तू बघा. 'थ्री इडियट्स'मधला कॉलेजचा प्रमुख व्हायरस, त्याचा अंतराळात चालणारा पेन सुरुवातीला नुसता टिंगलीचा विषय असतो. अंतराळात पेन्सिल का नाही चालत, हा नायक रँचोचा प्रश्न, झालं. मग अडीच तासांनी, बाळंतपणाच्या रात्री, तोच पेन व्हायरस स्वतःच्या हाताने रँचोला देतो, आणि आपल्या घशात आवंढा येतो. 'मुन्नाभाई'तली झप्पी तशीच. आधी आईची, मग फरशी पुसणाऱ्या चिडक्या मकसूदला दिलेली, आणि शेवटी सुनील दत्त मुलाकडे मागतात ती. वस्तू एकच, जागा तीन. कागदावर असं सुचायला माणसाने आयुष्याची बरीच वर्षं दुसऱ्यांचं फुटेज कापत काढलेली असावी लागतात.

आणि त्याने ती काढली होती. जन्म २० नोव्हेंबर १९६२, नागपूर. वडील सुरेश हिरानी फाळणीनंतर सिंधमधून आलेले, नागपुरात त्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. ज्यांनी आपल्या तालुक्याच्या गावी अशा इन्स्टिट्यूटमध्ये तास भरले आहेत त्यांना तो खडखडाट आठवत असेल: ए-एस-डी-एफ, सेमीकोलन-एल-के-जे, मराठी तीस, इंग्रजी चाळीस, आणि पास झालं की कचेरीत चिकटायची आशा. घरच्यांना मुलगा सीए व्हायला हवा होता. तो कॉमर्स शिकला आणि हिंदी नाटकं करत राहिला. वडिलांनीच फोटो काढून मुंबईला अभिनयाच्या शाळेत पाठवलं, तिथून तो तीन दिवसांत परत आला. मग पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. तिथे तेव्हा अभिनयाचा कोर्स बंद होता, दिग्दर्शनाला अर्जांची ही गर्दी, म्हणून त्याने संकलन घेतलं. म्हणजे आज ज्या कौशल्यावर त्याचा सगळा डोलारा उभा आहे, ते त्याची पहिली पसंती नव्हतं.

पुढे मुंबईत संकलनाची मिळतील ती कामं, जाहिराती (फेविकॉलच्या 'जोर लगा के हैशा'मध्ये तो स्वतः दिसतो), मग विधू विनोद चोप्रांकडे '१९४२ अ लव्ह स्टोरी'चे प्रोमो, २००० साली 'मिशन कश्मीर'चं संकलन. स्वतःचा पहिला सिनेमा, 'मुन्नाभाई एमबीबीएस', डिसेंबर २००३ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर 'लगे रहो मुन्नाभाई' २००६, 'थ्री इडियट्स' २००९, 'पीके' २०१४, 'संजू' २०१८, 'डंकी' २०२३. वीस वर्षांत सहा सिनेमे. आपल्याकडे जिनिंगला कापूस जातो तेव्हा सरकी वेगळी होऊन रुई हाती येते. हा माणूस सरकी काढायलाच तीन-चार वर्षं घेतो.

'पीके'चंच उदाहरण घ्या. पटकथेचा आधीचा आराखडा हॉलिवूडच्या 'इन्सेप्शन'शी जुळतोय असं दिसल्यावर त्याने आणि सहलेखक अभिजात जोशींनी तो टाकून दिला आणि नव्याने लिहायला बसले. किती लेखक हे करतील?

तर मंडळी, बोला. आपला म्हणायचा का?

पुण्यातला_वऱ्हाडी
नागपूर म्हणजे विदर्भ नव्हे, हे आधी ठरवून टाका. पांढरकवड्याच्या माणसाला नागपूर पुण्याइतकंच लांब. सहा सिनेमांत एक तरी वावर दाखवलंय का त्याने? एक तरी पात्र वऱ्हाडी बोलतं का? ज्या २००९ साली 'थ्री इडियट्स' आला त्याच साली सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला होता. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, आणि विषय आपल्या घरचा: नवरा जिवाचं बरंवाईट करेल या धास्तीने त्याच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवणारी बाई. तो किती जणांनी पाहिला? हात वर करा. आपला माणूस कोण, त्याचं उत्तर त्यात आहे.

खर्रा_बंद
पुन्याचे भाऊ, हात वर हाय माया. 'गाभ्रीचा पाऊस' पाह्यला, लय चांगला हाय, पन दुसऱ्यांदा पाहाची हिंमत झाली नाई. 'मुन्नाभाई' किती खेपा पाह्यला थे मलेच सांगता येत नाई. दोन्ही खरं हाय न बापा.

आमच्याकडे (यवतमाळ जिल्हा, गाव नाई सांगत) मुन्नाभाई आला थो गणपतीत. वर्गणीतून कलर टीव्ही अन् व्हीसीडी भाड्यानं आनली होती. मदातच लाईन गेली, तवा लोडशेडिंग असं होतं का विचारूच नका. पोट्ट्यायनं ट्रॅक्टरची बॅटरी, सरपंचाच्या घरचा इन्व्हर्टर, काय काय करून पाह्यलं. जमलं नाई. म्हातारे लोकं उठलेच नाईत, म्हने त्या पोराचा बाप गावाहून येनार हाय, थ्याचं काय होते थे पाहूनच जाऊ. म्हनून मी म्हनतो आर्वीकर भाऊचं बराबर हाय. मानूस जागेवर बसून राह्यला पाह्यजे अशी थो गाठ मारते.

अन् मंग 'थ्री इडियट्स'मदी गाडीच्या बॅटऱ्या जोडून इन्व्हर्टर केला न रँचोनं, तवा आमच्या टॉकीजात शिट्ट्याच शिट्ट्या. मुंबईवाल्याले थो सीन डोक्याचा वाटला असन, आमाले थो घरचा वाटला.

आता गांधीगिरीची गंमत सांगतो. 'लगे रहो'त जिन्यात थुकनाऱ्या शेजाऱ्याची पिचकारी थो गडी रोज पुसते, हासत हासत, अन् शेजारी शेवटी शरमते. आमच्या ग्रामपंचायतीच्या जिन्यात खर्ऱ्याचा (तंबाखू-सुपारीचा) असा थर होता का मूळ रंग कोनता होता थे कोनाले आठवत नाई. मी बादली-फडकं घेतलं. एक बुढा रोज सकाळी थुकाचा, त्याच्यासमोरच पुसाले लागलो. दोन-तीन दिवसानं थो मले म्हनते, "बाबू, ह्या कोपऱ्यातलं राह्यलं पाय."

सेवाग्राम_रोड
खर्रा_बंद :D :D त्या बुढ्याला राष्ट्रीय पुरस्कार द्या.

'लगे रहो'ला तसे चार मिळालेच होते. लोकप्रिय सिनेमाचा, पटकथेचा, 'बंदे में था दम'साठी स्वानंद किरकिरेंना गीतकाराचा, आणि गांधी झालेल्या दिलीप प्रभावळकरांना सहाय्यक अभिनेत्याचा (त्यात 'शेवरी'चाही वाटा).

मी वर्ध्याचा, त्यामुळे या सिनेमाबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. इथे गांधी म्हणजे येताजाता दिसणारी पाटी. ३० एप्रिल १९३६ ला ते सेवाग्रामला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापूकुटीत जाऊन बघा, मातीच्या भिंती, बांबू, एक टेलिफोन, आणि साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप मारायचा नाही, मग करायचं काय? तर पकडून लांब नेऊन सोडायचा, आणि त्यासाठी हत्यार बनवून ठेवायचं. हा गांधी मिठ्या मारत नव्हता, व्यवस्था लावत होता. सिनेमातला गांधी गोड आहे, पण तो चिमटा त्याच्याकडे नाही.

तरीही पटकथेतली एक जागा मला अजून चकित करते. मुन्ना ग्रंथालयात दिवसरात्र बसून गांधी वाचतो आणि मग त्याला बापू दिसायला लागतात. आपण समजतो की हा देवाबिवाचा प्रकार. शेवटी सगळ्यांसमोर त्याला प्रश्न विचारले जातात, आणि बापूंना तेवढंच येत असतं जेवढं मुन्नाने वाचलेलं आहे. जे वाचलं नाही, त्यावर बापू गप्प. म्हणजे हिरानी आणि जोशींनी आपल्याच सिनेमाच्या चमत्काराची हवा काढून घेतली, आणि सिनेमा पडला नाही. असं लिहायला छाती लागते.

आणखी एक. 'मुन्नाभाई'त पहिल्याच वर्गात मुन्ना विचारतो की पेशंट मरायला टेकला असेल तर आधी फॉर्म भरणं गरजेचं आहे का. आमच्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात (१९६९ चं) 'नीट' (NEET) परीक्षा येईपर्यंत प्रवेश परीक्षेला गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. पोरांना आश्रमात राहावं लागतं, खादी घालावी लागते, गाव दत्तक घ्यावं लागतं. गांधी आणि डॉक्टर हे दोन विषय हिरानीने दोन वेगळ्या सिनेमांत केले, वर्ध्यात ते एकाच आवारात नांदतात. त्याला कुणीतरी इथे आणायला हवं होतं.

पांढरं_सोनं
वाचून बरं वाटलं, आता थोडं कडू लिहितो.

'लगे रहो' प्रदर्शित झाला १ सप्टेंबर २००६ ला. त्याच्या दोन महिने आधी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले होते आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. आत्महत्या थांबल्या नव्हत्या. त्याच हंगामात टॉकीजमध्ये गांधीगिरी आली आणि आपल्याकडच्या शेतकऱ्यांनीही ती करून पाहिली, पेपरात बातम्या आल्या होत्या. आमच्या भागातल्या एका बँकेत आम्ही काही जण गुलाबाची फुलं घेऊन गेलो. वडिलांच्या पीककर्जाची फाईल अडकली होती. साहेबांनी फुलं घेतली, हसले, शिपायाला सांगून पाण्याच्या ग्लासात ठेवली. चहासुद्धा पाजला. फाईल होती तिथेच राहिली.

सिनेमात तो पेन्शनवाला म्हातारा लाच मागणाऱ्यासमोर एकेक वस्तू काढून ठेवत जातो, अंगावरचे कपडेसुद्धा, आणि तो अधिकारी लाजून सही करतो. सीन जबरदस्त आहे, नाही म्हणणार नाही. पण तो चालतो कारण तिथे एक माणूस लाच मागतोय. त्या माणसाला लाज वाटू शकते. आमच्या साहेबाने लाच मागितलीच नव्हती. तो म्हणाला वरून यादी आली नाही. वरच्याला विचारलं तर आणखी वर. यादीला लाज कशी वाटणार?

हिरानीचे सगळे सिनेमे या एका गृहीतकावर उभे आहेत की समोर माणूस आहे आणि त्याला आतून हलवता येतं. डॉ. अस्थाना हलतो, लकी सिंग हलतो, व्हायरस हलतो. कापसाचा भाव हलत नाही, त्यामुळे त्यावर त्याच्याकडे सिनेमा नाही. याला मी दोष म्हणत नाही, त्याची मर्यादा म्हणतो. आर्वीकर, तुमच्या संकलकाच्या सिद्धांतात हे कुठे बसतं?

खर्रा_बंद
पांढरं सोनं भाऊ, लिवलं तं असं लिवा. खल्लास.

शाळामास्तरीण
इतके प्रतिसाद झाले आणि एकाही भावाला 'चमत्कार' आठवला नाही, याचं नवल वाटत नाही.

'थ्री इडियट्स'मध्ये चतुरच्या भाषणात शब्द बदलून 'बलात्कार' घातला आणि अख्खं सभागृह खो-खो हसलं. टॉकीजमध्येही हसले. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलांनी तेच भाषण बसवून आणलं. मी नाही म्हटलं तर एक पालक म्हणाले, "मॅडम, आमीर खानचा पिक्चर आहे, शिक्षणावरचा आहे." शिक्षणावरचा!

कथेच्या दृष्टीने आर्वीकरांचा नियम इथेही लागू होतो: घोकंपट्टी करणाऱ्याला अर्थ कळत नाही, हे दाखवायचं होतं. शब्द बदलला की काम झालं. पण हजार शब्द सोडून हाच का? कापायला बसलेल्या माणसाला हे कापावंसं का वाटलं नाही? आणि जाताजाता, त्याच्या सिनेमांतल्या बायका बघा. सुमन, जान्हवी, पिया, जग्गू. सगळ्या हुशार, सगळ्या प्रसन्न, आणि सगळ्या नायकाला पटवून घ्यायला उभ्या. जग्गूला जरा तरी स्वतःची गोष्ट आहे. बाकीच्यांना नोकरी आहे, गोष्ट नाही.

मुलांना मी 'लगे रहो' आवर्जून दाखवते. ते वेगळं.

आर्वीकर
मास्तरीणबाई, त्या भाषणाचं समर्थन माझ्याकडून होणार नाही. टाळी हमखास येतेय म्हटल्यावर संकलकाचा हात थांबतो, हा या धंद्यातला जुना रोग आहे.

आणि पांढरं सोनं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'संजू'त (संजय दत्तच्या आयुष्यावरचा) आहे असं मला वाटतं. त्या सिनेमाचा पहिला कट काही लोकांना दाखवला तेव्हा त्यांना नायकाचा तिटकारा आला. मग त्याच्याबद्दल सहानुभूती वाटावी म्हणून भर घातली गेली, हे हिरानीने स्वतः जाहीरपणे सांगितलंय. आता बघा, हेच कौशल्य. काल्पनिक मुन्नासाठी वापरलं तर आपण त्याला कसब म्हणतो. खऱ्या, कोर्टात शिक्षा झालेल्या माणसासाठी वापरलं की त्याची सफेदी होते. कातर तीच. प्रेक्षक कुठे चुळबुळतो ते बघायचं आणि ती चुळबुळ काढून टाकायची. पण काही गोष्टींत प्रेक्षकाने चुळबुळायलाच हवं असतं. बँकेतली फाईल ही तसली गोष्ट आहे. ती हिरानीच्या टेबलावर आली तर तो तिचा शेवट गोड करेल, नाहीतर घेणारच नाही.

चेतन भगतचं कुणीतरी काढेलच, म्हणून आधीच: 'थ्री इडियट्स' त्याच्या कादंबरीवर आधारित असल्याचं श्रेय शेवटच्या धावत्या पाट्यांत दिलं होतं, सुरुवातीला नाही, त्यावरून वाद झाला. करारात काय होतं हा वकिलांचा विषय. वाचक म्हणून मला एवढंच दिसतं की कादंबरीतून वसतिगृह आणि तीन मित्र आले. पेन, इन्व्हर्टर, 'ऑल इज वेल' हे पटकथेचं. श्रेय ठळक दिलं असतं तर काही बिघडलं नसतं.

वडसा_नाईट
उशिरा आलो, नाईटवर होतो. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भातल्या रात्रभराच्या नाटकांत) काम करतो, वडसा (देसाईगंज). नाव नको.

तुम्ही सगळे सिनेमावाले बोलताय, मी नाटकवाला बोलतो. दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) सुरू झाली की आमचा हंगाम. रात्री दहाला पडदा उघडतो, पहाटेपर्यंत नाटक. कुठे शंकरपट (बैलांची शर्यत) असतो त्याच्या रात्री, कुठे मंडईच्या रात्री. समोर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाची माणसं, दिवसभर धानाच्या कामाने थकलेली, तिकीट काढून बसलेली. त्यांना रात्री तीनला जागं ठेवणं काय असतं ते मुंबईच्या माणसाला नाही कळायचं.

हिरानी पटकथा तयार झाली की लोकांना ऐकवत सुटतो, ज्याला त्याला, आणि ऐकणारा कुठे हसला, कुठे घड्याळ बघितलं हे टिपतो, असं त्याच्या मुलाखतींतून येतं. आमचे लेखक तेच करतात, फक्त त्यांना ते रोज रात्री करावं लागतं. पहिल्या नाईटला जे बोलणं पडलं ते दुसऱ्या गावात नसतं. म्हणून 'आपला का' विचाराल तर धंद्याने आपलाच. रडवायचं, आणि डोळे पुसायच्या आत कॉमेडियन पाठवायचा. 'मुन्नाभाई'तला सर्किट काय आहे? पक्का झाडीपट्टीचा कॉमेडियन! मालकाच्या मागे उभा, हुकूम झेलतो आणि मालकापेक्षा जास्त टाळ्या घेतो. अर्शद वारसीला आमच्याकडे हंगामात एक रात्र रिकामी मिळाली नसती.

मास्तरीणताईंचं मात्र खरं आहे. ती 'हमखास टाळी' आमच्याकडे पण आहे आणि ती फार वाईट सवय आहे. रेकॉर्ड डान्स त्यातूनच घुसला.

पुण्यातला_वऱ्हाडी
वडसा, हे भारी लिहिलंत. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण एक विचारतो: 'डंकी' झाडीपट्टीत चालला असता का? मला तो अर्ध्यात सुटला. पंजाबातली पोरं लंडनला जायला जिवावर उदार होतात, विषय केवढा. आपल्याकडची पोरं पुण्याला येतात तरी आईबाप रडतात.

वडसा_नाईट
चालला असता, पण आम्ही तो उलटा लावला असता. सिनेमात ती माणसं म्हातारी होऊन घरी परतायला निघतात, तिथून सुरुवात होते आणि मग मागची सगळी गोष्ट. आमच्या प्रेक्षकाला आधी तरुण दाखवावे लागतात. त्याला माणूस घरून निघताना बघायचा असतो, उंबऱ्यावर आई, पिशवीत भाकरी, सगळं. ते मनात बसलं की पुढे त्याला वाटेल तिकडे न्या, लंडनला न्या. परत येण्याचा प्रवेश आम्ही पहाटे चारला ठेवला असता, बायाबापड्या पदर तोंडाला लावून बसलेल्या असतात तेव्हा. आणि विकी कौशलचं पात्र पहिल्या अंकात संपवलं नसतं. एवढा चांगला नट अर्ध्या रात्री घरी पाठवला तर प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतात.